घरच्या चॅनेलचे वेळापत्रक कसे बसवावे

घरच्या संग्रहातले चित्रपट, मालिका, सप्ताहातली कीर्तने, लग्नाच्या कॅसेटी आणि मुलांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ एकामागून एक, ठरलेल्या वेळी, टीव्हीवर आपोआप लागत राहतील अशी सोय आता साध्या संगणकावर करता येते. टीव्ही लावला की काहीतरी चालू असतेच. उशिरा लावला तर कार्यक्रम मध्यापासून दिसतो, आणि पुढे काय लागणार हे पडद्यावरच्या कार्यक्रमपत्रिकेत वाचता येते. यंत्रणा उभी करायला एक सुटीचा दिवस पुरतो. वेळापत्रक बसवायला मात्र विचार लागतो, आणि बहुतेक घरगुती चॅनेले तिथेच फसतात.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढची अनेक वर्षे मराठी घरांना एकाच चॅनेलवर भागवावे लागले, पण त्या काळातल्या नियोजनातून आजही शिकण्यासारखे आहे. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्याच्या सोयीच्या वेळी लागत असे, आणि पुढच्या आठवड्यात काय दिसणार हे सांगायला ‘साप्ताहिकी’ हा स्वतंत्र कार्यक्रमच होता. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दाखवले गेले, आणि लोकांनी अंघोळी-न्याहारीच्या वेळा त्यावरून ठरवल्या. कार्यक्रम कोणता यापेक्षा तो कधी लागतो हे घराच्या अंगवळणी पडले पाहिजे. घरचे चॅनेल बसवतानाही हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

या कामासाठी विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एर्झाट्झ टीव्ही आणि ट्यूनार ही दोन नावे ठळक आहेत. प्लेक्स, जेलीफिन किंवा एम्बी या मीडिया सर्व्हरांमध्ये लावून ठेवलेला संग्रह ती वाचतात आणि त्यातून चॅनेल तयार करतात. वेळा माउसने सरकवून चटकन काम उरकायचे असेल तर ट्यूनार सोपे पडते. सणवार, हंगाम, रिकाम्या जागा असा बारकावा हवा असेल तर एर्झाट्झ टीव्ही सरस आहे, म्हणून पुढचे विवेचन त्याला धरून केले आहे. टीव्हीवर पाहण्यासाठी जेलीफिन पुरेसे आहे. त्यात थेट प्रक्षेपणाची सोय फुकट मिळते. प्लेक्समध्ये तिच्यासाठी पैसे भरून सभासद व्हावे लागते.

कामाची साखळी अशी. आधी संग्रहातल्या फायलींचे गट करायचे. त्यांना कलेक्शन म्हणतात. मग कोणत्या कलेक्शनमधले काय, कोणत्या क्रमाने आणि कधी लावायचे याचे शेड्यूल लिहायचे. शेड्यूल चॅनेलला जोडले की सॉफ्टवेअर घड्याळ पाहून पुढच्या दिवसांची मिनिटामिनिटाची यादी तयार करते; ही यादी म्हणजे प्लेआउट. शेवटी दोन पत्ते हाती येतात. एम३यू या पत्त्यावर चॅनेलांची यादी असते आणि एक्सएमएलटीव्ही या पत्त्यावर कार्यक्रमपत्रिका. दोन्ही जेलीफिनच्या थेट टीव्हीच्या पानावर भरले की चॅनेल दिसू लागते. त्याआधी राउटरमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा बांधून घ्यावा. नाहीतर राउटर बंद होऊन सुरू झाल्यावर पत्ता बदलतो आणि चॅनेल नाहीसे होते.

संग्रहाची मांडणी

चॅनेलचा दर्जा फोल्डरांच्या शिस्तीवर ठरतो. प्रसिद्ध चित्रपटांची माहिती सॉफ्टवेअर इंटरनेटवरून ओळखून घेते, पण मेहकरच्या मावशीच्या लग्नाची कॅसेट जगातल्या कुठल्याच सूचीत सापडणार नाही. अशा चित्रणांसाठी एर्झाट्झ टीव्हीत ‘इतर व्हिडिओ’ हा प्रकार आहे. त्यात फोल्डरांची नावे आपोआप खुणेच्या शब्दांसारखी वापरली जातात. म्हणजे ‘लग्न’, ‘पालखी’, ‘लोणार सहल’, ‘शाळा’ असे फोल्डर केले की त्या शब्दावर शोध लावून कलेक्शन करता येते, आणि पुढे त्या फोल्डरमध्ये टाकलेली नवी फाईल त्या कलेक्शनमध्ये आपोआप जाते. फोल्डर देवनागरीत चालतात. मालिकांच्या भागांना मात्र हंगाम आणि भाग यांचे क्रमांक इंग्रजी अंकांत, ठरलेल्या पद्धतीने द्यावेत. क्रम चुकला तर हरिनाम सप्ताहातले काल्याचे कीर्तन दुसऱ्या दिवशीच लागते.

जागेचा हिशेब आधी करावा. चांगल्या स्पष्टतेचा तासभराचा व्हिडिओ साधारण सव्वादोन जीबी जागा घेतो. एक टीबीच्या डिस्कवर असे सुमारे ४४० तास मावतात. चोवीस तास चालणाऱ्या चॅनेलला हा साठा जेमतेम अठरा दिवस पुरतो, त्यानंतर पुनरावृत्ती होणारच. ती टाळण्याच्या नादी न लागता कोणत्या वेळी काय पुन्हा लागले तर चालेल हे ठरवणे शहाणपणाचे. रात्रभर चॅनेल चालू ठेवल्याने वीज वाया जाते ही भीतीही अनाठायी आहे. कोणी पाहत नसेल तेव्हा प्लेआउट फक्त यादीत पुढे सरकतो, व्हिडिओ प्रत्यक्ष तयार होत नाही.

वेळा बांधणे

वेळापत्रक संग्रहाची यादी पाहून करू नये. आधी कागदावर घराचा दिवस लिहावा. खामगाव तालुक्यातले एक घर उदाहरणादाखल घेऊ : आजी, शेती पाहणारा मुलगा, नोकरी करणारी सून, शाळेत जाणारी दोन मुले. पहाटे आजी उठतात. सकाळी सातनंतर डबे, दप्तरे, दूध यांत टीव्हीकडे पाहायला कोणाला सवड नसते, पण ऐकायला चालते. दुपारी आजी एकट्या असतात. संध्याकाळी मुले घरी येतात. दिवेलागणीनंतर स्वयंपाक होतो आणि जेवणे उरकली की नऊच्या सुमारास सगळे घर एकत्र बसते. अशा घराला ठरलेल्या वेळा तीनच पुरतात : पहाटे पाचला अभंग, संध्याकाळी सहाला मुलांचे काही आणि रात्री नऊला सगळ्यांचे. बाकीचा दिवस सैल ठेवावा. हौशी माणूस सुरुवातीलाच अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस खाने भरायला बसतो आणि आठवड्यात कंटाळतो.

सैल वेळ भरण्यासाठी एर्झाट्झ टीव्हीत फ्लड हा प्रकार आहे. पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत तो एका कलेक्शनमधले कार्यक्रम लावत राहतो. एकच कार्यक्रम, मोजके कार्यक्रम किंवा ठरावीक मुदतीपुरते कार्यक्रम लावण्याचे प्रकार वेगळे आहेत. क्रमाचाही विचार करावा. मालिका आणि कीर्तने क्रमवार लावावीत. गाणी आणि जुने व्हिडिओ शफलवर ठेवावेत, कारण शफलमध्ये सगळी यादी एकदा संपल्याशिवाय एखादी गोष्ट दुसऱ्यांदा येत नाही. रँडममध्ये तेच गाणे एका तासात दोनदाही लागू शकते. आजींनी स्वतः वाचून रेकॉर्ड केलेले ‘गजानन विजय’ पोथीचे २१ अध्याय असतील तर रोज सकाळी सातला एक अध्याय क्रमवार लावला की एकविसाव्या दिवशी पारायण पूर्ण होते आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा पहिला अध्याय येतो. या एका गोष्टीसाठी चौथी ठरलेली वेळ द्यायला हरकत नाही.

ठरलेल्या वेळेतच एक मोठी खोच आहे. रात्री नऊला कीर्तन बांधले आहे आणि त्याआधी साडेसहाला एक चित्रपट ‘एकच कार्यक्रम’ या प्रकारात ठेवला आहे, असे समजा. चित्रपट ९ वाजून ४ मिनिटांनी संपला. ठरलेल्या वेळेचे वर्तन सक्त ठेवले असेल तर सॉफ्टवेअर म्हणते, आजचे नऊ वाजून गेले, आता उद्याचे नऊ. मग २३ तास ५६ मिनिटे चॅनेलवर ‘बंद’ अशी पाटी दिसते, नाहीतर तोच तो भरणा फिरत राहतो. वर्तन लवचीक ठेवले तर कीर्तन चार मिनिटे उशिरा पण त्याच रात्री लागते. सुरुवातीला लवचीक ठेवणेच बरे. त्याहून चांगला उपाय म्हणजे लांबीचा भरवसा नसलेला कार्यक्रम ठरलेल्या वेळेच्या आधी ठेवूच नये. चित्रपट, नाटक, दोन-अडीच तासांचे कीर्तन यांनाच ठरलेली वेळ द्यावी आणि त्यांच्यामागे फ्लड सोडावा. फ्लडमध्ये न मावणारा कार्यक्रम घेतला जात नाही, त्यामुळे पुढची वेळ चुकत नाही. फक्त मधे थोडी मोकळी जागा उरते.

रात्री नऊ ही वेळ वारांवर वाटून घेता येते. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी नाटक, गुरुवारी शेगावच्या वारीची घरची चित्रणे, इतर दिवशी मालिका. वार एकदा ठरले की निदान तीन महिने बदलू नयेत. घरातली माणसे ‘आज शनिवार, आज पिक्चर’ असे म्हणू लागली की वेळापत्रक बसले म्हणायचे.

मोकळ्या जागा

मालिकेचा भाग २२ मिनिटांचा आणि खाना अर्ध्या तासाचा असेल तर आठ मिनिटे उरतात. व्यावसायिक चॅनेलवर तिथे जाहिराती येतात. घरच्या चॅनेलवर तिथे फिलर, म्हणजे भरण्याचे तुकडे, लावतात. कार्यक्रमाआधी, मध्ये, नंतर किंवा घड्याळाचा पुढचा अर्धा तास गाठेपर्यंत, असे फिलरचे प्रकार निवडता येतात. मधला फिलर फाईलमध्ये प्रकरणांच्या खुणा असल्या तरच बसतो. शेवटी राखीव फिलर म्हणून एक शांत तुकडा ठेवावा. दुसरे काहीच बसत नसेल तेव्हा तो फिरत राहतो आणि ‘बंद’ची पाटी टळते.

तुकडे किती लागतात याचा अंदाज लोकांना नसतो. दिवसभर असे खाने ठेवले तर ४८ गुणिले ८, म्हणजे रोज ३८४ मिनिटे, जवळजवळ साडेसहा तास फिलरचेच होतात. तुकड्यांचा एकूण साठा अर्ध्या तासाचा असेल तर प्रत्येक तुकडा दिवसातून तेरा वेळा दिसेल. मुलाचा पहिला वाढदिवस कितीही गोड असला तरी तेराव्या वेळी घरचेच आवाज बंद करतात. म्हणून अर्ध्या तासाचे खाने फक्त संध्याकाळी ठेवावेत आणि इतर वेळी कार्यक्रम एकमेकांना चिकटून जाऊ द्यावेत. तुकडे वीस सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे असावेत, म्हणजे कुठलीही फट भरून निघते. लोणारच्या काठावरून फिरवलेला कॅमेरा, जिनिंगमध्ये उतरणारा कापूस, हळदीतला नाच, आजोबांचे दोन वाक्यांचे बोलणे, गजानन महाराजांची परतीची पालखी खामगावहून शेगावकडे निघाली तेव्हाची गर्दी, असे तुकडे मोठ्या व्हिडिओंतून कापून निघतात. नुसता आवाज असलेल्या फायलीही चालतात. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजात घरात असेल तर पहाटेच्या आणि रात्रीच्या वेळेला ते शोभून दिसेल.

सण आणि हंगाम

रोजचे शेड्यूल बसल्यावर वेगळ्या दिवसांची शेड्यूले करावीत. एर्झाट्झ टीव्हीत वार, महिन्यातली तारीख आणि महिना यांवरून पर्यायी शेड्यूल लावता येते. यादीत जे वर, ते आधी तपासले जाते. सगळ्यात खाली नेहमीचे शेड्यूल राहते. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंती असते. ही तारीख पक्की असल्यामुळे एकदा भरली की दरवर्षी लागू होते. १५ ऑगस्ट आणि १ मे यांचेही तसेच.

तिथीने येणारे दिवस असे बांधता येत नाहीत. गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला असतो. २०२४ मध्ये तो ३ मार्चला आला आणि २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते; ती तिथी २०२४ मध्ये १० मे रोजी आणि २०२५ मध्ये ३० एप्रिल रोजी होती. आषाढी एकादशीही अशीच सरकते. नवे कालनिर्णय घरात आले की त्यातून वर्षभराच्या तारखा काढून एका बैठकीत भराव्यात आणि मागच्या वर्षीच्या नोंदी पुसाव्यात. पुसायच्या राहिल्या तर पुढच्या वर्षी भलत्याच दिवशी प्रकट दिनाचे कार्यक्रम लागतात.

हंगामाचा विचारही महिन्यांवरून करता येतो. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री नऊला कोणी जागे नसते, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मुख्य कार्यक्रम आठला आणावा आणि तो तासाभरापेक्षा लांब नसावा. मे महिन्यात मुले घरी असतात, तेव्हा दुपार त्यांना द्यावी. आजींची दुपार तेवढे दिवस दुसऱ्या चॅनेलवर हलवता येते. दोन चॅनेले एकाच संग्रहावर सुखाने चालतात.

शेड्यूल बदलल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्लेआउट रीसेट केला तर क्रमवार मालिका कुठवर आली ही नोंद जाते आणि भाग पहिल्यापासून सुरू होतात. दुसरे, जेलीफिन कार्यक्रमपत्रिका सहसा दिवसातून एकदाच नव्याने वाचते. बदल लगेच दिसावा म्हणून ती हाताने ताजी करून घ्यावी.

घड्याळ, वीज आणि ऊन

सॉफ्टवेअर डॉकरमध्ये, म्हणजे संगणकातल्या स्वतंत्र कप्प्यात, चालवताना कालक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ असे लिहून द्यावे लागते. ते राहिले तर आतले घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे, चालते. संध्याकाळी सातला बांधलेला कार्यक्रम मग रात्री साडेबाराला लागतो. पहिल्याच दिवशी सगळ्या वेळा सारख्याच फरकाने चुकत असतील तर दुसरीकडे शोधण्याआधी हे तपासावे.

वीज जाणे-येणे बुलढाणा जिल्ह्याला नवे नाही. प्लेआउट घड्याळाला बांधलेला असल्यामुळे वीज आल्यावर चॅनेल त्या क्षणी जे लागायला हवे तिथूनच सुरू होते, जुन्या जागेवरून नाही. मात्र त्यासाठी संगणक आपणहून सुरू झाला पाहिजे. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये वीज परतल्यावर चालू होण्याचा पर्याय असतो, तो निवडावा, आणि डॉकरलाही आपोआप पुन्हा सुरू होण्याची सूचना द्यावी. इन्व्हर्टरवर संगणकाबरोबर राउटरही जोडावा, कारण राउटर बंद असेल तर संगणक चालू राहून उपयोग नाही. डिस्कला वीज अचानक गेलेली मानवत नाही आणि उष्णताही मानवत नाही. घाटावरच्या बुलढाणा-चिखलीपेक्षा घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद भागात उन्हाळा कडक असतो. तिथे संगणक पत्र्याच्या खोलीत किंवा टीव्हीमागच्या बंद कपाटात ठेवू नये. जुना लॅपटॉप किंवा इंटेलचा छोटा संगणक या कामाला पुरतो. व्हिडिओ रूपांतराचे काम ग्राफिक्स चिपकडून करून घेण्याची सेटिंग चालू ठेवली की तो तापतही कमी.

चित्र आणि आवाज यांची एकच सेटिंग सगळ्या कार्यक्रमांना लागते. टीव्ही साधा असेल तर ७२० रेषांचे चित्र ठेवावे. जुन्या कॅसेटींचे चौकोनी चित्र ताणू नये, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. आवाजाची पातळी एकसारखी करण्याचा पर्याय चालू करावा. नाहीतर हळू आवाजाच्या अभंगानंतर बँडबाज्याची वरात येते आणि सगळे घर जागे होते.

घराची हद्द

चॅनेल घरापुरतेच ठेवण्यामागे कायद्याचे कारण आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार केबल, उपग्रह किंवा अन्य मार्गाने एकापेक्षा जास्त घरांना एकाच वेळी दाखवणे हे जनतेला दाखवणेच समजले जाते. शेजारच्या घरात वायर टाकून चॅनेल दिले तरी ते या व्याख्येत येते. सप्ताहाच्या मंडपात पडदा लावून हक्काखालचा चित्रपट दाखवणे हेही सार्वजनिक प्रदर्शनच आहे. चित्रपटांवरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. त्यामुळे ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) यांच्यावरचा चित्रपट म्हणून असलेला हक्क संपला आहे, तर ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) वरचा अजून कायम आहे. आणि शेगावला भक्तांसाठी लॉज चालवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कायद्याच्या याच व्याख्येत हॉटेल आणि वसतिगृहाच्या राहण्याच्या खोल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परवानगीशिवाय घरचे चॅनेल तिथल्या टीव्हींवर सोडता येत नाही.